समीक्षेचा वाचक आणि वाचकाचा डोळा

१

मराठी समीक्षेत ‘वाचक’ या संज्ञेचा भाव गेल्या काही दशकांत चांगलाच वधारला आहे. संस्कृत साहित्यशास्त्रातील ‘सहृदय’ होताच. त्याच्या जोडीला वुल्फगांग इझरचा ‘सूचित वाचक’ आला, स्टॅन्ली फिशचा ‘जाणकार वाचक’ आला. संहिता वाचनातून घडते, अर्थ वाचकाच्या सहभागाने सिद्ध होतो, ही विधाने आता पदव्युत्तर उत्तरपत्रिकांतही सरावाने येतात. तथापि या वाचकाविषयी एक साधा प्रश्न सहसा विचारला जात नाही. हा वाचक कोणती लिपी वाचतो? ओळीवरून त्याची नजर कशी चालते? पुढचा शब्द त्याला केव्हा आणि कितपत दिसतो? मराठी समीक्षेतील वाचकाला संस्कार आहेत, अपेक्षाक्षितिज आहे, वर्ग आणि जात आहे. त्याला डोळा तेवढा नाही.

ही उणीव किरकोळ मानता येणार नाही. ‘येथे वाचक थबकतो’, ‘ही ओळ वाचकाला पुढे खेचते’, ‘या शब्दाशी अपेक्षाभंग होतो’ अशी वाक्ये समीक्षक सर्रास लिहितात. ही सर्व विधाने वाचनाच्या काळाविषयीची आहेत आणि वाचनाचा काळ हा आधी नजरेचा काळ असतो. ज्याच्या गतीविषयी निर्णय द्यावयाचे त्याची चाल तपासावयाचीच नाही, ही पद्धत शास्त्राला तर शोभत नाहीच, रसिकतेलाही शोभत नाही.

२

नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जात नाही, हे १८७८-७९ च्या सुमारास पॅरिसमधील एमिल जाव्हाल यांच्या कामातून पुढे आले. ती झेप घेते, क्षणभर स्थिरावते, पुन्हा झेप घेते. झेपेत जवळजवळ काहीच वाचले जात नाही. वाचन होते ते मुक्कामात. इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढाचा एक मुक्काम साधारण पाव सेकंदाचा आणि एक झेप सात ते नऊ अक्षरांची असते. दहा-पंधरा टक्के झेपा उलट, म्हणजे मागच्या मजकुराकडे जातात. सुमारे एकतृतीयांश शब्दांवर नजर मुळी थांबतच नाही. वगळले जाणारे हे शब्द मुख्यतः आखूड आणि संदर्भावरून ओळखू येणारे असतात.

परंतु नजर न थांबलेला शब्द वाचला गेला नाही असे नव्हे. १९७५ साली जॉर्ज मॅकॉन्की आणि कीथ रेनर यांनी वाचकाच्या नजरेबरोबर सरकणारी एक खिडकी पडद्यावर निर्माण केली. खिडकीतील अक्षरे खरी, बाहेरची बदललेली. खिडकी किती अरुंद केल्यावर वाचन अडखळते हे पाहता असे दिसले, की इंग्रजी वाचक नजरेच्या मुक्कामापासून उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरांपर्यंत काही ना काही माहिती उचलतो. डावीकडे मात्र तीन-चारच. त्याच वर्षी रेनर यांनी दुसरी युक्ती योजली. नजर पुढच्या शब्दाकडे झेपावत असतानाच तो शब्द बदलावयाचा. वाचकाला बदल बहुधा जाणवत नाही, पण त्याचा मुक्काम लांबतो. याचा अर्थ, शब्दावर पोहोचण्यापूर्वीच नजरेच्या कडेने त्याचे काही काम उरकलेले असते. आपण एक शब्द वाचत असतो तेव्हा पुढचा शब्द दाराशी येऊन उभा असतो.

आता फिशच्या पद्धतीकडे पाहावे. १९७० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने वाचकाचा प्रतिसाद शब्दामागून शब्द, काळाच्या क्रमाने तपासण्याचा आग्रह धरला. अर्थ ही वस्तू नसून घटना आहे, हा त्याचा मुद्दा मोलाचा होता व आहे. परंतु ज्या क्रमाने ती घटना घडते असे तो मानतो तो क्रम छापील ओळीचा आहे, नजरेचा नाही. नजर काही शब्द ओलांडते, काहींची आगाऊ चाहूल घेते, काहींकडे परतते. इझरचा ‘भटकता दृष्टिबिंदू’ याहून सावध आहे. त्याने आधीचे धरून ठेवणे आणि पुढचे अपेक्षिणे या दोन्ही हालचाली हुसर्लकडून घेतल्या. तरी त्याच्या ‘दृष्टिबिंदू’त दृष्टी हे केवळ रूपकच राहते. मराठी समीक्षेने ही रूपके उचलली आणि तीच वाचनाची वर्णने मानली.

३

तेव्हा प्रयोगशाळेतील आकडे घेऊन ते मराठीला लावावेत काय? तसे केल्यास एका उसनवारीच्या जागी दुसरी येईल. ‘चौदा-पंधरा अक्षरे’ या मापाला देवनागरीत नेमका अर्थच उरत नाही. ‘स्त्री’ हे एक अक्षर की चार वर्ण? वेलांटी, उकार, रफार ओळीच्या लांबीत मोजावयाचे की उंचीत? रोमन अक्षरे एकापुढे एक बसतात; देवनागरीत ती वर, खाली आणि मागेही बसतात. ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते व्यंजनाच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. अशा दृश्यक्रम व उच्चारक्रम न जुळणाऱ्या हिंदी शब्दांच्या वाचनाला अधिक वेळ लागतो, असे ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली दाखविले आहे. नजरेची कक्षा ही डोळ्याच्या घडणीने कायमची ठरलेली गोष्ट नाही, हे तर हिब्रू वाचकांवरील १९८१ च्या प्रयोगानेच सिद्ध झाले. हिब्रू वाचताना कक्षेचा मोठा भाग डावीकडे जातो. तोच वाचक इंग्रजीकडे वळला की तो उजवीकडे येतो. लिपी डोळ्याला वळण लावते.

मराठीचे वळण कोणते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ‘सोलापूर’ हाच शब्द घ्यावा. ‘पू’ दीर्घ असेल तर शब्द ‘र’पाशी संपेल किंवा त्याला ‘ला’, ‘चा’, ‘कर’ असे काही थेट चिकटेल. पण ‘पु’ ऱ्हस्व दिसला, की पुढचा ‘र’ स्वर घेऊन येणार हे ठरले: ‘सोलापुरात’, ‘सोलापुराहून’, ‘सोलापुरी’. ‘फूल’ आणि ‘फुलाला’, ‘गरीब’ आणि ‘गरिबाला’ यांतही तेच. ‘रस्त्या’ एवढे दिसताच शब्द अपुरा आहे हे कळते. म्हणजे मराठीचे सामान्यरूप हे व्याकरणातील एक प्रकरण आहे तसेच पुढे येणाऱ्या प्रत्ययाची वर्दीही आहे. ‘कवी’ लिहिले की शब्द संपू शकतो किंवा विभक्ती घेऊ शकतो; ‘कवि’ दिसले की, आजच्या लेखननियमांप्रमाणे, समासाचे दुसरे पद येणार: ‘कविमन’, ‘कविसंमेलन’.

हिंदीत ‘सोलापुर में’ हे दोन शब्द आहेत. ‘में’ आखूड, स्वतंत्र, नजरेने ओलांडण्याजोगा. मराठीत तेच कार्य करणारा घटक लांब शब्दाच्या शेपटीत आहे. ‘सोलापूरकरांच्यासाठीसुद्धा’ यासारख्या शब्दात इंग्रजीतले किंवा हिंदीतले तीन-चार ‘वगळता येणारे’ शब्द एकाच शिरोरेषेखाली बांधलेले असतात. या बाबतीत इंग्रजीपेक्षा फिनिशसारखी प्रत्ययांची भाषा मराठीला जवळची ठरावी. युक्का ह्योना आणि अलेक्झांडर पोलात्सेक यांनी १९९८ साली फिनिशमधील लांब सामासिक शब्दांवर काम केले. अशा शब्दांत नजर एकाहून अधिक मुक्काम करते आणि पहिल्या पदाची ओळख सोपी की अवघड यावर पुढची चाल अवलंबते, असे त्यातून दिसते. मराठीत ‘पुढचा शब्द’ हा प्रश्न अनेकदा ‘याच शब्दाचा पुढचा भाग’ असा होतो, आणि फिशचा शब्दागणिक चालणारा वाचक तेथे निरुपयोगी ठरतो.

ऱ्हस्व-दीर्घाचा मराठीतील जुना वाद या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनमान्य झाले. १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. नियमांचे पाठीराखे व्युत्पत्तीकडे बोट दाखवितात. विरोधक म्हणतात, जो भेद उच्चारात ऐकू येत नाही तो लेखनात कशाला? दोन्ही पक्ष एका बाबतीत एकमताचे आहेत: लेखन हे उच्चाराचे किंवा इतिहासाचे टिपण होय. लेखन हे वाचण्यासाठी असते, हा तिसरा पक्ष न्यायालयात आलाच नाही. ‘पु’ आणि ‘पू’ यांतील जो भेद कानाला निरर्थक वाटतो तो नजरेला पुढची वाट दाखवीत असेल, तर नियम ठेवावयाचा की काढावयाचा याचा निवाडा कानाच्या एकट्या साक्षीवर होऊ शकत नाही. हे नियमांचे समर्थन नव्हे. मोडीने एकाच वेलांटीवर आणि एकाच उकारावर शतकानुशतके कारभार चालविला. मागणी एवढीच, की डोळ्याचीही साक्ष नोंदवावी.

४

मोडीचा उल्लेख आला तो योग्यच झाला. मोडीचा लेखक आधी आडवी रेघ मारतो आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवीत जातो. शब्दाशब्दांत जागा सोडत नाही. जुन्या बाळबोध पोथ्यांतही ओळ अशीच सलग असते. नजरेच्या कडेला पुढचा शब्द कोठे सुरू होतो हे सांगणारी सर्वांत भरवशाची खूण म्हणजे ही मोकळी जागा. इंग्रजी मजकुरातील अशी जागा काढून टाकली की वाचन बरेच मंदावते, हे रेनर, फिशर आणि पोलात्सेक यांच्या १९९८ च्या प्रयोगात दिसले आहे. युरोपात मूक वाचनाचा प्रसार शब्द तोडून लिहिण्याच्या चालीबरोबर झाला, असा सिद्धांत पॉल सेंगर यांनी १९९७ च्या ग्रंथात मांडला.

सलग ओळ ही मागासलेपणाची खूण मानण्याचे मात्र कारण नाही. ती ओळ आवाजासाठी होती. गाय बस्वेल यांनी १९२० साली प्रकट वाचनाचा अभ्यास केला तेव्हा वाचणाऱ्याची नजर त्याच्या आवाजाच्या पुढे धावते हे त्यांनी मोजून दाखविले. पोथी सांगणाऱ्याची नजर पुढे जाऊन शब्द तोडून ठेवी आणि मागून आवाज तो श्रोत्यांना देई. ‘तीनजाई’ ही अक्षरे ‘ती न जाई’ आहेत की ‘तीन जाई’, हा निर्णय त्या दोघांमधल्या क्षणात होई. पंढरपुरात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातच, ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्यांना पुढचा शब्द बहुधा मुखोद्गत असतो. त्यांची नजर अक्षर शोधीत नाही, स्मरण पडताळते. श्रोत्याला तर कडेचे काहीच दिसत नाही. त्याला मागेही वळता येत नाही. वाचक, पाठक आणि श्रोता हे अशा रीतीने तीन वेगळ्या काळांत राहतात. आपली समीक्षा या तिघांना ‘आस्वादक’ या एका पदात कोंबते.

छापखान्याने ही ओळ फोडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हांची व्यवस्था लावली. संपादकांनी पदच्छेद केले. सोलापूरला जैन संस्कृति संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचा आरंभ १९४३ साली ‘तिलोयपण्णत्ती’च्या पहिल्या भागाने झाला. आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांच्यासारख्या संपादकांचे श्रम पाठभेदांच्या संदर्भात गौरविले जातात आणि ते रास्त आहे. परंतु हस्तलिखितातील सलग ओळीतून मुद्रित पदे वेगळी करणे हाही तितकाच मोठा निर्णय होता. संपादक जेथे जागा सोडतो तेथे तो पुढच्या शब्दाची सुरुवात वाचकाच्या हाती देतो, म्हणजे एक अर्थ पुढे करतो आणि दुसरा मिटवितो. पाठचिकित्सेच्या चर्चेत या मोकळ्या जागेला पाठभेदाइतके स्थान मिळाले पाहिजे. श्लेषाची चर्चा करणाऱ्या समीक्षकाने तरी आपण कवीचा श्लेष वाचतो आहोत की संपादकाचा पदच्छेद, हे आधी पाहावे.

५

या प्रतिपादनावर तीन आक्षेप येतील. पहिला मर्ढेकरांच्या बाजूने: साहित्याचे माध्यम छापील अक्षर किंवा नाद नसून शब्दांचे भावनात्मक अर्थ होत, तेव्हा डोळ्याच्या झेपा मोजून सौंदर्याविषयी काय कळणार? मुक्कामाचे मिलिसेकंद मोजून कविता थोर का, हे कळणार नाही, हे खरे. परंतु ज्या मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल यांवर लयतत्त्व उभारले, त्यांच्या लयीला काळ लागतोच. आणि छापील कवितेत हा काळ ओळ कोठे तुटते, अपेक्षित शब्द किती आधी जाणवतो, यावर अवलंबून असतो. अर्थ हे माध्यम मानले तरी तो अर्थ वाचकाला केव्हा मिळतो हा प्रश्न सुटत नाही.

दुसरा आक्षेप परंपरेचा. शाब्दबोधाच्या चर्चेत आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी ही तत्त्वे आपल्याकडे पूर्वीच सांगितली आहेत. एक पद दुसऱ्या पदाची वाट पाहते, हे पाश्चात्त्यांकडून शिकण्याची गरज नाही. गरज नाही हे मान्य. पण काम संपले असे नाही. आकांक्षा हे ऐकणाऱ्याच्या बोधाचे तत्त्व आहे. सन्निधी म्हणजे पदांचे लागोपाठ उच्चारण. कागदावरचे सान्निध्य निराळे असते, कारण तेथे पुढचे पद उच्चारण्यापूर्वीच कडेला हजर असते. समर हुसेन, श्रवण वासिष्ठ आणि नारायणन श्रीनिवासन यांनी २०१५ साली हिंदी वाक्ये वाचणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्याची अपेक्षा बाळगण्याचा भार आणि मागचे जोडून घेण्याचा भार, असे दोन्ही भार त्यांनी नजरेच्या चालीत शोधले. क्रियापद शेवटी असलेल्या मराठीसाठी हे जवळचे आहे. आकांक्षेला येथे नवे क्षेत्र मिळते. पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे म्हणून जो थांबतो, तो त्यांचा वारसा चालवीत नाही, तिजोरीत ठेवतो.

तिसरा आक्षेप कामाच्या वाटणीचा: हे मानसशास्त्रज्ञांचे काम, समीक्षकाचे नव्हे. त्याचा परिणाम दिसू लागला आहे. मुंबईच्या आयआयटीत अभिजित मिश्र, पुष्पक भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली वाचकाच्या नजरेवरून त्याला उपरोध समजला की नाही हे ओळखण्याचे काम प्रसिद्ध केले. उपरोध हा साहित्यविचाराचा घरचा विषय. महाराष्ट्रात त्यावर नजरेच्या अंगाने काम झाले ते संगणकशास्त्राच्या विभागात आणि इंग्रजी वाक्यांवर. समीक्षक गैरहजर राहिला की त्याच्या संज्ञा दुसरे वापरतात, आणि दुसऱ्या भाषेच्या मापाने वापरतात.

या गैरहजेरीची किंमत कोण देतो, हे सोलापुरात स्पष्ट दिसते. या शहरात पूर्व भागातील विणकर घरांतून तेलुगू बोलली जाते. सिद्धरामेश्वरांच्या या गावात कन्नड ही बाराव्या शतकापासून वाङ्मयाची भाषा आहे. उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड शाळा आहेत. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या येथील विद्यार्थ्याची नजर कधी शिरोरेषा नसलेल्या कन्नड-तेलुगूच्या गोल अक्षरांवर घडलेली असते, कधी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या उर्दूवर. उर्दू आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्यांची कक्षा लिपीबरोबर बाजू बदलते, हे केव्हिन पॅटरसन व सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखविले. असा विद्यार्थी प्रत्ययांनी लांबलेल्या मराठी शब्दापाशी अधिक थांबला, तर तो थांबा लिपीचा आहे. समीक्षेच्या परिभाषेत मात्र त्याची नोंद ‘वाचन कमी’, ‘रसिकतेचा अभाव’ अशी होते. ज्याला डोळाच नाही असा वाचक आदर्श मानला, की खरा डोळा असलेला प्रत्येक वाचक उणा ठरतो; आणि ज्याची लिपी आदर्शाच्या गृहीत लिपीहून दूर, तो सर्वांत उणा.

लेखकांच्या बाबतीतही हेच घडते. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’चे (१९८४) गद्य आखूड वाक्यांचे आहे. अशा गद्याला ‘बोलीचे’, ‘थेट’, ‘अलंकरणविरहित’ म्हटले की समीक्षेचे समाधान होते. म्हणजे ते कानाने तोलले जाते. परंतु वाक्याच्या शेवटी वाचकाची नजर अधिक काळ थांबते आणि तेथे मागचा अर्थ जुळविला जातो, हे मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांच्या १९८० च्या अभ्यासापासून चर्चेत आहे. आखूड वाक्यांचे गद्य वाचकाला पुन्हा पुन्हा थांबविते. प्रत्येक पूर्णविरामाशी हिशेब मागते. हा बोलीतून आपोआप आलेला गुण मानावयाचा, की छापील पानावर केलेली लेखकाची निवड? पहिल्या उत्तरात लेखक केवळ साक्षीदार ठरतो. दुसऱ्यात तो कलावंत ठरतो. दलित आत्मकथनांच्या समीक्षेने या दोहोंतील फरक फार काळ दुर्लक्षिला.

देशीवादाने साहित्यकृतीची भूमी कोणती, असा प्रश्न मराठीत रुजविला. वाचणाऱ्या डोळ्याची भूमी कोणती, हा त्याचाच पुढचा प्रश्न आहे. इंग्रजीच्या ओळीवर चालणारा वाचक सिद्धांतातून आणावयाचा आणि इंग्रजीच्या ओळीवर मोजलेला आकडा प्रयोगशाळेतून आणावयाचा, या दोन्हींतून मराठी वाचक बाहेरच राहतो. मराठी विभाग आणि मानसशास्त्र विभाग एकाच आवारात असलेल्या विद्यापीठांची महाराष्ट्रात वाण नाही. २००४ साली स्थापन झालेले सोलापूरचे विद्यापीठ, आजचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ, तर चार लिप्यांच्या शहरात उभे आहे. सामान्यरूपाची चाहूल, पदच्छेदाची जागा, कवितेच्या ओळीचा तुटवडा, दुसऱ्या लिपीतून आलेल्या वाचकाचा थांबा, हे तेथील संशोधनाचे विषय होऊ शकतात. तोपर्यंत ‘वाचक येथे थबकतो’ असे लिहिणाऱ्या प्रत्येक समीक्षकाला विचारावयास हवे: कोण थबकतो, कोणत्या अक्षरापाशी, आणि तुम्ही ते कोठे पाहिलेत?